सायबीण पुढच्या घरी

खाणी बंद झाल्या आणि आमचा ट्रक अंगणात येऊन उभा राहिला, तेव्हा अख्ख्या वाड्याला, सगळ्या वस्तीला, आमच्या पोटाची काळजी लागली. मला वेगळीच काळजी होती. सायबिणीचे दिवस जवळ आले होते आणि या वर्षी नवरा घरात होता.

सायबीण म्हणजे मरियेची मूर्ती. चर्चमधून निघते आणि आमच्या घरोघरी एकेक रात्र मुक्काम करते. डिचोलीजवळच्या आमच्या वाड्यावर ख्रिश्चनांची घरं हाताच्या बोटांवर मोजण्याइतकी, बाकी सगळे हिंदू. पण तेर्स म्हणजे माळेवरची प्रार्थना सुरू झाली की शेजारीपाजारीही अबोलीची वळेसरं, म्हणजे गजरे, घेऊन येऊन बसतात. दुसऱ्या संध्याकाळी यजमानाने मूर्ती स्वतःच्या हातांनी पुढच्या घरी न्यायची आणि तिथल्या यजमानाच्या हातात द्यायची. मध्ये कुठे टेकवायची नाही. एवढा साधा रिवाज. पण आमच्या पुढचं घर माझ्या दिराचं, आणि हे दोन भाऊ एकमेकांचं तोंड बघत नव्हते.

कारण ऐकाल तर कपाळावर हात माराल. नवऱ्याने खाणीवर ट्रक लावला, दिराने वडिलांचं शेत धरलं. एका पावसाळ्यात खाणीच्या ढिगाऱ्याची लाल माती वाहत आली आणि दिराचं उभं भात गाडलं गेलं. दीर अंगणात येऊन ओरडला, ''तुझ्या खाणीन माझं शेत खाल्लं!'' नवरा म्हणाला, ''माझी खाण? मी मालक काय रे तिचा?'' माती खाणीची, पाऊस देवाचा, आणि भांडण मात्र आमच्या घरात. तेव्हापासून अबोला. सासू, आमची मांय, धाकट्याकडे राहायची. मधल्या काळात ती अंथरुणाला खिळली, तरी या माणसाने कुंपण ओलांडलं नाही. मी रोज मागच्या दाराने पेज घेऊन जायची. ती एकदाच मला म्हणाली, ''येतील गो दोघे एकत्र. मेल्यावर माझी पेटी उचलायला येतील.'' मी घरी येऊन हे नवऱ्याला जसंच्या तसं सांगितलं. त्याने रेडिओ मोठा केला.

दरवर्षी सायबीण पुढे न्यायच्या वेळी मी लोकांना सांगायची, ''तो ट्रक घेऊन गेलाय.'' खोटं नव्हतं, जायचाच तो, मुद्दाम. मग शेजारचा कोणीतरी मूर्ती उचलायचा. आता ट्रक सगळ्यांच्या डोळ्यांसमोर ताडपत्री पांघरून उभा. कुठे जाणार?

मी पेडण्याची. शाळा मराठीतून झाली म्हणून लिहिते मराठीत. भांडते मात्र कोकणीतून, आणि प्रार्थनाही त्याच भाषेत करते, त्यामुळे कधीकधी दोन्हींत फरक राहत नाही. सायबीण आमच्याकडे मुक्कामाला होती त्या दिवशी पहाटे मी तिच्यासमोर बसले आणि सरळ सुनावलं, ''बाये, तूही आईच ना? मग काय नुसती हात जोडून उभी राहिलीस? खाण बंद केलीस, माझं काही म्हणणं नाही. काम गेलं, तेही सोसेन. पण त्या म्हातारीला मुलगा दाखव.'' खरं सांगते, त्या वर्षी मला दुसरीकडे कुठे बोलताच येत नव्हतं. माणसांशी बोलले की डोकं तापायचं. तिच्याशी भांडले की निदान जेवण जायचं.

संध्याकाळी लोक जमले. मेणबत्त्या पेटल्या. नवरा म्हणाला, ''माझा गुडघा दुखतोय.''

''दुखूं दे.''

''अगो, वाटेत पडलो म्हणजे?''

''तर मी उचलीन. तुलाही आणि तिलाही. चल!''

लोकांसमोर मी कधी आवाज चढवत नाही. त्या दिवशी चढवला. बायका खाली मान घालून हसल्या. त्याने निमूट मूर्ती उचलली आणि चालायला लागला. गुडघा कुठला दुखतोय! तरातरा चालत होता, लवकर सुटावं म्हणून.

दिराच्या दारात माझी जाऊ एकटीच उभी. चेहरा पडलेला. ''वयनी,'' ती हळूच म्हणाली, ''ते म्हापशाला गेलेत. बाजाराला.''

म्हापशाचा बाजार शुक्रवारचा. त्या दिवशी मंगळवार होता. मला हसू येईना, रडू येईना. एकाच आईच्या पोटचे ते, आणि बहाणेही सारखेच! जावेच्या अंगावर घरची साडी, हात पिठाचे. मूर्ती कोण घेणार याचा कोणी विचारच केला नव्हता. मागे सगळा वाडा वाटेतलं गाणं संपवून उभा. नवरा उंबऱ्यापाशी सायबिणीला छातीशी धरून उभा. मूर्ती जड, आणि खाली ठेवता येत नाही. त्याने माझ्याकडे बघितलं. मी दोन्ही हात पदराखाली घेतले.

''मी आत नेऊन ठेवतो,'' तो शेवटी म्हणाला, कोणाला ते कळलं नाही. आणि त्याने उंबरा ओलांडला.

ओल्तार, म्हणजे घरातली वेदी, त्यांच्या बाहेरच्या खोलीत. मांय आजारी पडल्यापासून तिचा पलंगही तिथेच, वेदीच्या बाजूला, तिला तेर्स ऐकू यावा म्हणून. हे त्याला ठाऊक नव्हतं. कसं असणार? त्याने मूर्ती ठेवली, क्रूसाची खूण केली, वळला, आणि समोर आई.

मांयचे डोळे उघडे होते. ती मूर्तीकडे नाही, त्याच्याकडे बघत होती. बराच वेळ बघितलं. मग तिने हात वर केला. तो हात पोचेना म्हणून त्यालाच वाकावं लागलं. त्याच्या गालावर बोटं फिरवत ती म्हणाली, ''दाढी कधी पिकली रे तुझी?''

कुंपणापलीकडे राहत होता हा माणूस. त्याच्या शिंका तिला ऐकू जायच्या. आणि त्याची दाढी पांढरी झालेली आईला माहीत नव्हती.

तो तिथेच खाली बसला आणि सगळ्यांसमोर हुंदके देऊन रडायला लागला. मलाही रडू फुटलं, पण रागाचंच जास्त. वाटलं, दोघांना धरून बदडावं.

तेवढ्यात म्हापशाला गेलेला दीर स्वयंपाकघरातून बाहेर आला. कोणी त्याला काही विचारलं नाही. डोळे पुसत आला, भावाच्या शेजारी गुडघे टेकले आणि तेर्स सुरू केला. तेर्स एकट्याने म्हणायचा नसतो. एकाने अर्धं म्हणायचं, उरलेलं बाकीच्यांनी. दिराचं अर्धं संपलं. आम्ही कोणीच तोंड उघडलं नाही, सगळे थांबलो. नवऱ्याचा आवाज फाटका निघाला, पण निघाला. भावाचं उरलेलं अर्धं त्याने पूर्ण केलं.

पुढे सगळा तेर्स दोघांनीच म्हटला. मांयने थोरल्याच्या गालावरचा हात काढला नाही, आणि तोही हलला नाही.