व्याह्यांचं टेसन

बंद पडलेल्या गाडीला आपल्यापायी उशीर नको म्हणून लगबगीनं चालणारा माणूस उभ्या उस्मानाबाद जिल्ह्यात मी एकच पाहिला, आणि तो नेमका माझा व्याही निघाला. माझी थोरली लेक ढोकीच्या पलीकडच्या एका गावात दिलेली. ढोकीपासून त्या गावापर्यंत पूर्वी छोट्या गाडीचा एक फाटा होता. एका पावसाळ्यात ओढ्यावरचा पूल खचला, गाडी थांबली, ती थांबलीच. रूळ जागेवर राहिले, टेसनाची दगडी खोली राहिली, आणि पिवळ्या पाटीवरचं गावाचं नावही राहिलं. व्याह्यांचं म्हणणं असं, की ज्या गावाचं नाव तिकिटावर छापलेलं असतं, तिथं माणसं मुद्दाम येतात; बाकीची गावं नुसती वाटेत लागतात.

व्याही मेंढपाळ. तांबडं पागोटं, खांद्यावर घोंगडं, आणि आवाज असा की एका माळावरून हाक मारली तर दुसऱ्या माळावरची मेंढरं वळावीत. आम्हीही मूळचे मेंढरंवालेच, पण वडिलांनी मला शाळेत घातलं आणि मी तामलवाडीला मास्तर झालो. या गोष्टीचा अभिमान माझ्यापेक्षा त्यांना जास्त. त्यांच्या घरात घड्याळ नव्हतं आणि त्याची गरजही नव्हती. सकाळच्या गाडीला मेंढरं सुटायची, दुपारची गाडी गेली की भाकरी, आणि संध्याकाळच्या गाडीला दिवा. यातली एकही गाडी येत नव्हती, पण वेळा ठरलेल्या. माझी लेक नवी नांदायला गेली तेव्हा पहिले काही दिवस बिचारी कान देऊन शिटीची वाट बघायची. पुढं तीच मला सांगायला लागली की दुपारच्या गाडीच्या आत या म्हणजे गरम जेवण मिळेल. व्याही रूळ ओलांडताना अख्खा कळप थांबवायचे, दोन्हीकडं नीट बघायचे, आणि मगच मेंढरं सोडायचे. ती पलीकडं जायची नाहीतच, रुळांच्या मधल्या गवतातच तोंड घालून उभी राहायची.

पाहुण्याला निरोप मात्र त्यांनी कधी एसटीच्या थांब्यावर दिला नाही. पहिल्यांदा लेकीला भेटून निघालो तर माझी पिशवी उचलून ते थेट टेसनाकडं चालायला लागले. तिथल्या दगडी बाकावर मला बसवलं. विहीणबाई मागून चहा घेऊन आल्या. घरात ज्या गोष्टी बोलायच्या राहिल्या होत्या त्या सगळ्या तिथं निघाल्या. मग उठून त्यांनी मला मिठी मारली, आणि आम्ही सगळे माळ तुडवत एसटीच्या रस्त्याला लागलो. हा फेरा कशासाठी, असं मी विचारलं.

"यष्टीत माणूस नुसता निघून जातो, गुरुजी," ते म्हणाले. "कंडक्टर घंटी मारतो आन् बोलणं अर्ध्यात राहतं. टेसनावर कसं, पोटभर बोलता येतं."

त्या दिवशी एसटी चुकली आणि मला परत मुक्काम करावा लागला. तोही टेसनाचाच एक फायदा, असं त्यांनी मानलं.

लोक हसायचे. मीही हसायचो. पण बहात्तरच्या दुष्काळात व्याह्यांचं काय झालं ते लेकीनं सांगितलं, तेव्हापासून माझं हसणं थांबलं. त्या साली चारा आणि धान्य ढोकीपर्यंत गाडीनं यायचं. पुढं गावापर्यंत आणायला बैलांत जीव उरला नव्हता. मग गावची माणसं रुळावरून चालत ढोकीला जायची आणि पेंढ्या डोक्यावर घेऊन रुळावरूनच परत यायची. व्याह्यांनी अशा किती खेपा केल्या कुणास ठाऊक. तरी निम्म्याहून जास्त कळप गेला. त्याबद्दल ते माझ्याजवळ एकदाच बोलले.

"रूळ पायाखाली व्हते आन् चारा डोक्यावर. हे उलटं झालं, गुरुजी."

त्यानंतर त्यांनी गाडीचा विषय सोडला नाही. विहिरीवरच्या तुकड्यात त्यांचा थोडा ऊस होता, त्यामुळं ते साखर कारखान्याचे सभासद होते. दरवर्षीच्या सभेत शेवटी कुणाला काही बोलायचंय का, असं विचारलं की घोंगडं सावरत ते उभे राहायचे आणि फाटा पुन्हा चालू करा म्हणायचे. ऊस गाडीनं येईल, कांदा बाजारात जाईल, पोरी शाळेला जातील, आणि दुष्काळ पडला तर चारा दारात येईल. पहिल्या वर्षी सभा हसली. पुढं लोक त्यांच्या उठण्याची वाट बघायला लागले. आणि एका वर्षी ते बसल्यावर टाळ्या पडल्या, त्या थांबेनात. मग कारखान्याच्या मंडळींनीच ठराव केला आणि रेल्वेकडं पाठवला.

यातली गोम गावात सगळ्यांना ठाऊक होती. गावाजवळ चराईला म्हणून उरलं होतं ते त्या बंद लाईनीच्या भरावावरचं गवत. व्याह्यांचा उरलेला कळप त्याच पट्ट्यावर पुन्हा वाढला होता. गाडी आली तर पहिला फटका त्यांनाच. माझ्या जावयानं बापाला किती वेळा समजावलं. ऐकून घ्यायचे आणि पुढच्या सभेला परत उभे राहायचे.

रेल्वेचे एक साहेब पाहणीला आले त्या दिवशी मलाही बोलावणं होतं, शिकलेला पाहुणा म्हणून. साहेब पडक्या पुलापर्यंत ट्रॉलीवरून आले, तिथून चालत. मी ऊस, कांदा, शाळा असं सगळं बोललो. साहेबांनी शांतपणे ऐकलं. मग भरावाकडं बोट करून विचारलं, "ही मेंढरं कुणाची?"

परगावची आहेत, असं कुणीतरी हळूच पुटपुटलं. तेवढ्यात व्याही पुढं आले.

"माझी हायत, साहेब."

"रेल्वेच्या जागेत चारता?"

"व्हय. गाडी न्हवती म्हणून चारली. गाडी आली की एक मेंढरू दिसायचं न्हाय हितं."

"मग नेणार कुठं?"

"कुठंबी नेईन. मेंढराला धा वाटा हायत, गाडीला ही एकच हाय."

साहेबांनी चहा मागितला आणि त्या दगडी बाकावर व्याह्यांना शेजारी बसवून घेतलं. हा माणूस आपला व्याही आहे, हे त्या दिवशी मी दिसेल त्याला सांगत होतो.

पूल व्हायला वेळ लागला, पण झाला. पहिली गाडी आली तेव्हा इंजिनाला हार व्याह्यांनी घातला आणि नंतर चढणाऱ्या बायाबापड्यांना जागा दाखवण्यातच त्यांचा दिवस गेला. स्वतः चढायचं राहूनच गेलं. शब्द दिल्याप्रमाणं भरावावर मेंढरू दिसलं नाही. ते कळप घेऊन परंड्याच्या बाजूला गेले, ते वर्षातले बरेच महिने तिकडंच. पावसाळ्यापुरते घरी.

एकदा परंड्याकडं सोनारीला काळभैरवाच्या दर्शनाला गेलो होतो, तेव्हा अलीकडच्या एका शिवारात ते भेटले. कुणाच्या तरी रानात खतासाठी मेंढरं बसवली होती. थकलेले दिसले. बसायला घोंगडं अंथरलं आणि पहिलं विचारलं ते हेच, की लेकीकडून गाडीनं आलाव का. मी म्हणालो, ढोकीपर्यंत गाडीनंच आलो, पण उभ्यानं.

"जागा मिळाली न्हाय?"

"पाय ठेवायला जागा नव्हती."

मग गाडीत कोण कोण होतं ते त्यांनी मला पुन्हा पुन्हा सांगायला लावलं. बाजाराच्या बाया, शाळेच्या पोरी, बाळंतपणाला निघालेली कुणाची तरी सून. आपल्याला जायला न जमलेल्या घरच्या लग्नाची हकिकत ऐकावी तसे ते ऐकत होते. घरी यावंसं वाटत नाही का, असं मी विचारलं.

"वाटतं की," ते म्हणाले. "पर तुमी उभ्यानं आलाव म्हंता, म्हंजे गाव येतंय-जातंय. बरं झालं."

एवढं बोलून ते काठी घेऊन उठले आणि ज्वारीत शिरू बघणारी मेंढी वळवायला निघून गेले.