गलबताच्या आतले घाव

“अरे, मेण भरून टाक त्यात. आतून कोण बघतंय!” आमचे सर विलास सुताराला म्हणाले.

घरी मेणबत्ती विझली, की त्या वासाने मी अजून लोअर परळच्या त्या शेडमध्ये जाते. समुद्रातून काढलेल्या जुन्या गलबताच्या फळ्या आम्ही प्रदर्शनासाठी पुन्हा जोडत होतो. एका फळीवर आतल्या बाजूने कुऱ्हाडीचे घाव होते, सगळे एकाच जागी. आरपार एकही गेला नव्हता. मी त्यांत बोटं घातली. लाकूड गार होतं. तेव्हा मला सरांची भीती वाटत होती. आता आठवताना आतल्या अंधाराची वाटते.

विलास गरम मेण घेऊन आला. “मॅडम, हात काढा ना, भाजेल.”

मी हात काढला नाही.

“सर, हे बुजवू नका,” मी म्हणाले. “आत माणसं अडकली होती.”