डॉक्टरांनी मला विचारलं होतं

हे मी बायकोलाही सांगितलेलं नाही. तुम्हाला सांगतोय — नीट जमतंय का, बघू.

साठ सालापासून माझा चेहरा उजव्या बाजूने लोंबतो. डोळा पुरता मिटत नाही, चहा ओठातून गळतो. "मुंबईले जाऊन अर्धं हसू इकून आला," असं यवतमाळच्या कापूस बाजारात म्हणतात. ऑपरेशनात डॉक्टरने चुकून नस कापून ठेवली, अशी सगळ्यांची खात्री. त्यांना हे कुणी सांगितलं? मी नाही. मी फक्त — कधी नाही म्हणालो नाही.

आणि तो डॉक्टर कसा माणूस होता! माझा उजवा कान बहिरा होत चालला होता, चालताना तोल जायचा. इथे सगळे कानात तेल घाला म्हणत. त्यांनी कापसाची बारीक वात माझ्या बुबुळाला लावली. पापणी हललीच नाही. जन्म कापसात गेला माझा, आणि मला तो कळला नाही! तेवढ्यावरून त्यांनी ओळखलं — कानाच्या आत, कवटीच्या तळाशी गाठ. एक्स-रेत ती खरी ठरली. कर्करोग नव्हता, पण वाढली असती तर मेंदू दाबला असता.

ऑपरेशनच्या आधी ते माझ्या खाटेवर बसले. "चेहऱ्याची नस गाठीला चिकटली आहे. थोडी गाठ ठेवली तर चेहरा वाचेल, पण ती पुन्हा वाढेल. सगळी काढली तर चेहरा जाईल. तुम्ही सांगा." एवढ्या मोठ्या माणसाने कापूस पारखणाऱ्याला विचारलं! मी म्हणालो, "सगळी काढा." दिवसभर उभं राहून त्यांनी ती काढली.

घरी आलो तर बायको रडली, सासरे डॉक्टरला शिव्या घालू लागले. जिवाच्या भीतीने चेहरा मीच दिला — तेव्हाच बोलायला हवं होतं ना? बोललो नाही. पुढे गप्प राहणं सोपं होत गेलं.

मग राळेगावचे रशीदभाई आले. जिनिंगमधले मेकॅनिक. त्यांच्या लग्नाच्या मुलीला तशीच गाठ, ऑपरेशन सांगितलेलं त्याच डॉक्टरांनी. आमच्याकडे हो म्हणण्याआधी, ज्याचं झालंय त्याला बघून येतात.

"भाऊ, खरं सांगा. नेऊ का पोरीले? तिच्या तोंडाचा सवाल हाय."

मी काय म्हणालो? "माझ्याकडं पाहा, आन् तुम्हीच ठरवा."

त्यांनी पाहिलं. मुलीला नेलं नाही. आधी तिची नजर गेली, मग ती गेली.

मातीला मी गेलो होतो. रशीदभाईंनी माझा हात दोन्ही हातांत धरला. "तुमचे उपकार हायेत, भाऊ. शेवटपर्यंत पोरीच्या तोंडाले काही झालं नाही."

मी मान डोलावली.