दगडाची लेकरं

कौसल्या दगड खाते, हे मी घसा फोडून सांगितलं. कोणी मानलं नाही! आता त्याच बाया म्हणतात, "शेवंता, सांग ना खाणीवरचे किस्से." बालाघाटजवळच्या मँगनीजच्या खाणीवर आम्ही ओळीनं बसून हातोडीनं दगड फोडायचो, काळा माल निवडायचो. हात गुंतलेले, तोंड मोकळं. किस्से साचणार नाहीत तर काय!

*

एकदा दगड तपासणारे साहेब म्हणाले, "आधी जगात जीवच नव्हता. दगड, माती, पाणी एवढंच. मातीच्या थरांना धरून जीवाचे पहिले कण जुळले असावेत. आपण सगळे दगडाचीच लेकरं, बाई!"

सगुणा म्हणाली, "माह्या सासूले पाह्यलं का साहेब? तिच्यात तं अजून माती बी मिसळली नाही!"

*

दुसऱ्या दिवशी अर्धी ओळ दगडाच्या पाया पडूनच कामाला बसली. मुकादम ओरडला, "फोडाची हजेरी हाय, पूजेची नाही!"

"माय हाय ते," सगुणा म्हणाली. "पहिले विचारून तं घेऊ!"

*

कौसल्या माझ्या शेजारी बसायची. नऊ वर्षं पोर नाही. नवरा दशरथ कटंगीला दुसरी पोरगी पाहून आलेला. तिनं हळूच विचारलं, "खरंच दगडातून जीव आला का वं?"

मी म्हटलं, "हौ! खाऊन पाह्य, तुले बी होईन!"

सगळी ओळ हसली. कौसल्या हसली नाही.

*

मग ती रोज गुळात दगडाची चिमूटभर काळी भुकटी खायची. मी हात धरला तर म्हणाली, "साहेब काहून खोटं बोलन?" दोन पावसाळ्यांत तिच्या हातातली हातोडी थरथरू लागली, जीभ जड झाली. तिच्या सासूला सांगितलं तर तीच माझ्यावर उलटली. "तुले चार लेकरं. तिले एक होईन तं तुह्या पोटात दुखते?"

*

साहेबांना गाठलं. त्यांनी कपाळावर हात मारला. "अहो, मी कोट्यवधी वर्षांपूर्वीची गोष्ट सांगत होतो!"

"आमच्या कौसल्येपाशी तेवढी वर्षं नाहीत, साहेब."

*

शेवटी कौसल्येच्या दुखण्याचा जाब विचारायला पंच बसले. "कोणं सांगतलं तुले दगड खाले?"

सगळ्यांच्या ओठांवर साहेबच होते. माझ्याही. कौसल्येला एकेक शब्द काढायला वेळ लागायचा. पंच थांबले. मीही थांबले.

तिनं माझ्याकडे मान वळवली आणि ती म्हणाली, "शेवंता."