गोदावरीची ओहोटी आणि चार बोटं

निवृत्ती गुरुजींनी पुंजाला पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा तो गोदावरीत छातीभर पाण्यात उभा राहून पुलाला शिव्या देत होता. साध्यासुध्या नव्हेत. त्या शिव्यांनी काठावरच्या बाभळीचा पाला झडला, पलीकडच्या उसातला रस आटला आणि निफाडहून येणारी एसटी पुलाच्या अलीकडेच बंद पडली. त्याच एसटीत गुरुजी होते. येवल्याहून बदली होऊन आलेले. हंड्यापेक्षा जास्त पाणी एका जागी पाहण्याची त्यांना सवय नव्हती.

"काय झालं हो?" त्यांनी काठावरून विचारलं.

"पूल खाली आला!" पुंजा ओरडला.

गुरुजी दहा पावलं मागे पळाले. पूल जागेवरच होता. पाणी वर आलं होतं.

पुंजा मुंबईच्या खाडीत अकरा वर्षं रेतीच्या बार्जवर होता. भरती-ओहोटी ओळखायची आणि पुलाखालून डोकं सलामत न्यायचं, यावर तिथे पोट होतं. गावी येऊन त्याने नाव घेतली आणि बंधाऱ्यामागच्या फुगलेल्या पाण्यातही भरती शोधून काढली. वरच्या धरणातून पाणी सुटलं की भरती. कालवा उघडला की ओहोटी. पुलाखालची उंची मोजायची तर बायकोला, कुसाबाईला, डोक्यावर हंडा देऊन नावेत उभं करायचं. हंडा वाजला नाही, तर माल जाणार.

"बाकीच्या बाया हंडा घेऊन पाण्याला जात्यात," कुसाबाई म्हणायची, "अन् मी पूल मोजाया."

गुरुजींना हे सहन होईना. "अहो पुंजाबाबा, भरती चंद्रामुळे येते. नाशिक जिल्ह्यात येत नाही."

"समुद्राला चंद्र, गुरुजी. आमच्या गंगेला कालव्याचा साहेब."

"तुमची ओहोटी मला दाखवा, फळ्यावर लिहीन!"

अठ्ठ्याहत्तरच्या दसऱ्याला तो दिवस आला. नदीकाठच्या बौद्ध वस्तीने विहार बांधला होता आणि नाशिकहून बुद्धाची मूर्ती यायची होती. पावसाने वस्तीच्या रस्त्यावरची फरशी, ओढ्यावरचा ठेंगणा पूल, वाहून नेलेली; उरली होती फक्त नदीची वाट, तीही पुलाखालून. पुंजाने भर बैठकीत शब्द दिला, "संध्याकाळच्या वंदनेला मूर्ती विहारात. नाय आणली तर नाव फोडून चुलीत घालीन."

कारागिराला माप पाठवलं होतं: कुसाबाई अधिक एक हंडा. त्याने मूर्ती बरोबर तेवढीच केली. आणि मग श्रद्धेच्या भरात, कुणी न सांगता, खाली वीतभर उंचीचं कमळ जोडून दिलं.

टेम्पोतून मूर्ती नावेत उतरली. पुंजाने एकदा कमळाकडे पाहिलं, एकदा पुलाकडे, आणि खाली बसला. मूर्ती प्लास्टरची, कमळाला घट्ट जोडलेली. आडवी करायची कुणाची छाती होईना.

"आता?" गुरुजींनी विचारलं. आवाजात आनंद नव्हता असं म्हणता येणार नाही.

"आता बसायचं. सकाळी कालवा उघडलाय. चारपर्यंत ओहोटी लागंल."

पुंजाने पुलाच्या खांबावर कोळशाने रेघ मारली. पाणी रेघेला चिकटलेलं. दोन वाजता चिकटलेलंच. तीनला रेघेखाली ओला दगड दिसू लागला आणि गुरुजींचं भूगोलाचं ज्ञान त्या दगडाबरोबर उघडं पडत गेलं. चारला पाणी वीतभर उतरायला चारच बोटं कमी होती. मग ते थांबलं. मागून निरोप आला: वरच्या धरणातून पाणी सुटलंय.

"गेलं," गुरुजी म्हणाले. या वेळी मात्र त्यांना खरोखर वाईट वाटलं.

पुंजा ताडकन उठला. "पाणी उतरंना, तर नाव उतरवू! चढा सगळे! जाडे आधी!"

लोक चढले. एकेक माणसागणिक नाव पाण्यात बसू लागली. तेरा झाले. अजून बोटभर हवं होतं. पुंजाने काठावर पाहिलं. तिथे फक्त गुरुजी उरले होते, भरपूर.

"मला पोहता येत नाही!"

"तुमाला बसायचंय, पोहायचं नाय!" कुसाबाईने हात धरून ओढलं.

चौदावं माणूस बसलं. नावेचा काठ पाण्याच्या वर जेमतेम वीतभर राहिला. नाव पुलाखाली शिरली. बुद्धाच्या मस्तकावर कुसाबाईने तळहात धरला होता. तो दगडाला घासला, हाताची साल निघाली, मस्तकाचा कणही गेला नाही. पलीकडे ऊन आलं आणि चौदा माणसांनी एकदम असा जयजयकार केला की नाव डुचमळली.

"हलू नका रे!" पुंजा ओरडला, "वरडा, पण हलू नका!"

वंदनेला मूर्ती विहारात होती. पुंजाच्या गळ्यात हार इतके पडले की त्याला समोरचं दिसेना. सुट्टी संपल्यावर गुरुजींनी फळ्यावर लिहिलं: 'गोदावरीस ओहोटी येते.' खाली सही केली.

चौऱ्याऐंशी साली वस्तीच्या रस्त्यावर, वाहून गेलेल्या फरशीच्या जागी, नवा उंच पूल झाला आणि सगळा माल टेम्पोने जाऊ लागला. पुंजाची नाव आता गोठ्यात असते. तिच्यात म्हशी पाणी पितात.