आईच्या विहिरीचं पाणी

चूळ भरायला! तहानेनं जीव जात होता म्हणून नाही, कुणाला भोवळ आली म्हणून नाही, चूळ भरायला वापरलं ते पाणी. आजही आठवलं की माझं डोकं तापतं.

माझं माहेर गोंदियाकडच्या गोरेगावजवळच्या खेड्यात. आमच्या घरची एक रीत आहे. धान घरात आलं की आमच्या विहिरीचं पाणी दरेकशाकडच्या एका डोंगरावर न्यायचं आणि माथ्यावरच्या देवाच्या दगडावर ओतायचं. वर झरा नाही की डबकं नाही. देवाला पाणी मिळेपर्यंत घरातल्या मोठ्या बाईनं नव्या तांदळाचा घास तोंडात घालायचा नाही. आई दरवर्षी स्वतः चढायची. गेल्या हिवाळ्यात तिच्या गुडघ्यांनी दगा दिला. मला भाऊ नाही, म्हणून मी निघाले. तोंडाला पांढरं फडकं बांधलेली स्टीलची बाटली तिनं माझ्या हातात दिली.

नवरोबा म्हणाले, "मीही येतो, तेवढंच ट्रेकिंग." गोंदियात त्यांचं कापडाचं दुकान. दिवसभर गादीवर बसणारा माणूस. पण बूट नवे, टोपी नवी, आणि खिशात तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याची पुडी.

सकाळच्या गाडीनं दरेकशाला उतरलो. पहिला तासभर सागाच्या पानांतून बरं चाललो. मग चढ सुरू झाला तो असा, की पाऊल टाकावं आणि मुरमावरून हातभर खाली यावं. बांबूला धरून, कधी गुडघ्यांवर रांगून वर सरकत होतो. आई साठी उलटल्यावरही हे चढत होती, याची मला तिथे लाज वाटली. साहेबांनी स्वतःचं पाणी निम्म्या वाटेतच संपवलं, मग माझंही. माझा घसा कोरडा पडला होता, पण फडक्याची गाठ मी सोडली नाही.

माथ्याखाली एक उभा खडक आहे. त्यावर दोन्ही हात मोकळे हवेत. मी बाटलीची पिशवी यांच्याजवळ ठेवून पुढचा रस्ता कसा आहे ते बघायला वर गेले. परत येते तर हे मान वर करून खुळखुळ करताहेत. खर्ऱ्याची लाल पिचकारी दगडावर, फडकं पायाशी, आणि बाटली उपडी.

"हे काय केलं?"

"अगं, तोंड खराब झालं होतं. पानीच तो है! खाली दुकानातून दुसरी बाटली घेऊ."

दुकानातून! मी फडकं आणि बाटली उचलली; तोंड उघडलं असतं तर त्या खडकावरून एक जणच खाली उतरला असता.

माथ्यावर मी कोरडेच हात जोडले. देवाचा दगड उन्हानं तापला होता. हे मात्र फोटो काढत होते. वर मला शहाणपण शिकवलं, "आईंना सांग ओतलं म्हणून. त्या थोड्याच बघायला येणार आहेत?" चुळीपेक्षा मला हे जास्त झोंबलं. माझ्या आईच्या तोंडात खोट्यावर शिजलेला घास घालायचा?

दिवेलागणीला माहेरी पोचलो. नव्या तांदळाचा वास अंगणापर्यंत येत होता. आई दारातच उभी.

"पानी पोचलं का वो बाई?"

"नाही," मी म्हणाले, आणि सगळं सांगितलं. हे बूट शोधू लागले.

आईनं आवाज चढवला नाही. जावयाला पाटावर बसवलं, नव्या भाताचं ताट वाढलं, वर तूप घातलं. स्वतःसाठी जुन्या तांदळाचा सकाळचा भात घेतला.

"तुम्ही पण हाच घ्या ना, आई," हे पुटपुटले.

"देवाले पानी भेटलं नाही, मी नवा भात कायले खाऊ?"

यांचा हात ताटातच थांबला. मी ती रिकामी बाटली धुतली, विहिरीवर भरून आणली, फडकं बांधलं आणि यांच्या ताटाजवळ ठेवली. "रविवारी. तुम्ही एकटे."

सुटका होईल म्हणून त्यांनी आईकडे पाहिलं. ती जुना भात कालवत म्हणाली, "जावई, खर्रा घरी ठेवून जाजा."