शेवटचा ‘ब’

फोटोवरून माणसांची चित्रे काढून देणाऱ्या या गृहस्थाला सगळी गल्ली ‘हुबेहूब’ म्हणे. दुकानाच्या पाटीवर तोच शब्द सर्वांत मोठा होता. त्याचा अर्थ कोणी विचारला नव्हता, त्यानेही नाही.

त्याच्या बायकोचे हे दुसरे लग्न. पहिला नवरा वारलेला. बोलताना ती याला ‘हे’ म्हणे आणि त्याला ‘ते’. व्याकरणाने अंतर नीट राखले होते आणि तेवढ्यावर संसार बरा चालला होता. मग एका दुपारी तिने दुकानात येऊन टेबलावर एक फोटो ठेवला.

“अहो, यांचं चित्र काढाल? फोटो पिवळा पडत चाललाय.”

“‘यांचं’? इतके दिवस ‘त्यांचं’ होतं.”

“फोटो हातात आहे म्हणून ‘यांचं’. तुमचं आपलं काहीतरीच!”

फोटोतला माणूस देखणा होता. याला तेवढे पुरे झाले.

त्याच संध्याकाळी फारसीचे एक निवृत्त मास्तर भावाचे चित्र न्यायला आले. पाटीकडे पाहून म्हणाले, “छान शब्द आहे. मूळ अरबी, फारसीच्या वाटेने आला. ‘हू’ म्हणजे तो. हू-ब-हू, तोच तो.”

“आणि शेवटचा ‘ब’?”

“तो आपण पदरचा घातला. त्याला अर्थ नाही. कानाला बरा वाटतो, इतकंच.”

म्हणजे शब्दात ‘तो’च दोनदा बसलेला. याच्या वाट्याला राहिला तो बिनअर्थाचा ‘ब’. त्या रात्री चित्रकार जेवला नाही. पित्त झाले म्हणाला.

चित्र मात्र त्याने मन लावून काढले. कान किंचित बाहेर ओढले. डोळे जवळ आणले. ओठ असे आवळले की हा माणूस आता मिठावरून भांडणार. कोणी खोडसाळपणा म्हणू नये इतपतच; मत्सरालाही बारीक कुंचला लागतो. बायकोने ‘हे काही ते नव्हेत’ म्हणावे, एवढीच त्याची इच्छा होती.

तिने चित्र पाहिले. मग स्टूल ओढून त्याच्यापुढेच बसली.

“अगं बाई! अगदी हुबेहूब!”

“फोटोसारखं?”

“फोटो कसला! हौशी होते, फोटोवाल्याकडून कान लहान करून घेतले होते. चहा गार झाला की अस्सेच ओठ आवळायचे. तुम्ही तर त्यांना पाहिलंही नाही, कसं हो जमलं?”

“जमून गेलं,” तो म्हणाला. “घरी कुठं लावायचं?”

“घरी नको. इथंच लावा, दारासमोर. तुमच्या हातून इतकं चांगलं काम कधी झालंच नव्हतं.”

तेव्हापासून ते दारासमोर आहे. “नात्यातले का?” असे कोणी विचारले की तो म्हणतो, “माझ्या आधीचे.” लोकांना ते वडील वाटतात. पुढे त्याने कित्येकांची चित्रे आपुलकीने, जीव ओतून काढली. गिऱ्हाईक आपले चित्र बघते, मग समोरच्या कानांकडे बोट दाखवून म्हणते, “त्यांच्याइतकं नाही जमलं बुवा हे.”